ब्रह्मा, प्लूटो, कुबेर

सांगली-साताऱ्याकडे घरात बाळ झालं की गुरुजींकडून पत्रिका करून घेतात. बारा घरांच्या चौकटीत र, चं, मं, बु अशी अक्षरं बसतात, राहू-केतू आपापल्या जागी जातात आणि मग कुठल्या तरी घराच्या कोपऱ्यात बारीक टाइपात तीन नवी अक्षरं दिसतात: ह, ने, प्लु. हर्षल, नेपच्यून, प्लूटो. आजीला नवग्रह पाठ असतात, पण त्यांत ही नावं नसतात.

पहिल्याचा उलगडा सोपा आहे. विल्यम हर्शल यांनी १७८१ साली युरेनस शोधला आणि मराठीनं त्या ग्रहाला शोधणाऱ्याचंच नाव देऊन टाकलं. ‘प्लु’ची कुळकथा मात्र लांबची, आणि तिचा एक धागा आपल्याच मुलखातून जातो.

वाईवरून येणारी कृष्णा कऱ्हाड आणि सांगली मागं टाकून पुढं विजापूर-बागलकोटच्या मुलखात शिरते. तिथं व्यंकटेश बापूजी केतकर नावाचे शिक्षक राहत होते. १८५४ साली नरगुंदला जन्मलेले केतकर पुढं बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक झाले. शाळा सांभाळून त्यांनी जे केलं ते थक्क करणारं आहे. युरोपातल्या खगोलवेत्त्यांची नवी, अचूक कोष्टकं त्यांनी आत्मसात केली आणि ते सारं गणित ‘ज्योतिर्गणितम्’ या संस्कृत ग्रंथात आणलं. जुन्या करणग्रंथांवरून काढलेलं ग्रहण आणि आकाशात दिसणारं ग्रहण यांची वेळ जुळत नसे. आकाशात दिसेल तेच पंचांगात छापलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता.

पंचांग कसं सुधारायचं हा वाद त्या काळी घरोघरी पोचलेला होता. लोकमान्य टिळक त्यात होते. पंचांग सुधारण्यासाठी मुंबई, पुणे आणि १९२० साली सांगली इथं ज्योतिष संमेलनं भरली. राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून धरायचा की चित्रेच्या समोरच्या बिंदूपासून, हा त्यातला कळीचा मुद्दा. टिळक रेवतीच्या बाजूचे, केतकर चित्रेच्या. दोन्हींत फरक सुमारे चार अंशांचा, पण सूर्य रोज जवळपास एक अंश सरकतो. म्हणून टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि बाकीच्यांचा तिळगूळ १४ तारखेला. एखाद्या वर्षी अधिकमासही वेगळा पडतो आणि मग दोन पंचांगांची दिवाळीसुद्धा वेगळी होते. अंशाअंशाचा हा हिशेब म्हणजे निव्वळ शास्त्रार्थ नव्हता, लोकांच्या सणावारांचा प्रश्न होता.

याच हिशेबी माणसानं १९११ साली नजर आणखी लांब टाकली. फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत केतकरांचा लेख छापून आला. गुरूच्या आयो, युरोपा आणि गॅनिमीड या चंद्रांच्या फेऱ्यांत एक ताल आहे: गॅनिमीडचा एक फेरा होईतो युरोपाचे दोन होतात आणि आयोचे चार. फ्रेंच गणिती लाप्लासनं उलगडलेला हा ताल केतकरांनी बाहेरच्या ग्रहांना लावून पाहिला आणि नेपच्यूनपलीकडं दोन ग्रह असले पाहिजेत असं मांडलं. त्यांची नावंही योजून ठेवली: ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्म्याचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट, आणि फेरा २४२.२८ वर्षांचा.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ हा तरुण जानेवारीत घेतलेल्या दोन छायाचित्रपट्ट्या आलटूनपालटून पाहत होता. हजारो ठिपके जागच्या जागी, एकच ठिपका सरकलेला. तो प्लूटो. अंतर पृथ्वीच्या ३९.४८ पट, फेरा २४८ वर्षांचा. नाव सुचवलं ऑक्सफर्डच्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीनं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर वारले.

आकडे इतके जवळ आले की ‘प्लूटो खरा केतकरांनीच शोधला’ असं अभिमानानं म्हटलं जातं. ते म्हणू नये. आकाशात नेमकं कुठं पाहायचं हे त्या लेखात नव्हतं, आणि त्यांचा विष्णू आजवर कुणाला सापडलेला नाही. फ्लॅगस्टाफची वेधशाळा उभारणाऱ्या पर्सिव्हल लॉवेल यांनी युरेनसच्या गतीतल्या गडबडीवरून केलेलं भाकीतही असंच योगायोगानं जुळलं. १९७८ साली प्लूटोचा चंद्र कॅरन सापडला, त्यावरून प्लूटोचं वजन काढता आलं, आणि एवढासा गोळा युरेनस-नेपच्यूनला हलवूच शकत नाही हे कळून चुकलं. केतकरांचं मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. बागलकोटच्या शाळेतला एक शिक्षक पॅरिसच्या अंकात सूर्यमालेच्या टोकाविषयी लिहितो, आणि त्याच गणिताच्या जोरावर गावच्या पंचांगातली एकादशीही नीट करतो. हे दोन्ही एका माणसानं केलं, याचं मोल प्लूटोच्या श्रेयाहून कमी नाही.

मराठीत प्लूटोला आणखी एक नाव मिळालं, तेही कृष्णाकाठीच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत मराठी विश्वकोश सिद्ध झाला. तिथं युरेनस प्रजापती, नेपच्यून वरुण आणि प्लूटो कुबेर. हिंदीत यम म्हणतात, कारण रोमन प्लूटो पाताळाचा राजा. पण त्या नावाचं ग्रीक मूळ जमिनीतल्या संपत्तीशी जोडलेलं आहे, म्हणून कुबेरही तितकाच साधार. बोलण्यात मात्र तो रुळला नाही. लोक प्लूटोच म्हणत राहिले.

२००६ साली प्राग इथं खगोलवेत्त्यांनी त्याला ग्रहांच्या पंक्तीतून उठवलं आणि मराठीला ‘बटुग्रह’ हा गोड शब्द मिळाला. व्यास अवघा २३७७ किलोमीटर, आपल्या चंद्राहूनही लहान. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स यान त्याच्याजवळून गेलं तेव्हा दिसलं ते उणे २३० अंशांतलं जग: पाण्याच्या बर्फाचे उंच डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी, बदामाच्या आकाराच्या प्रदेशात, गोठलेल्या नायट्रोजनचं पांढरं मैदान.

पत्रिकेतलं ‘प्लु’ अजून जागेवर आहे. सापडल्यापासूनची त्याची पहिली प्रदक्षिणा २१७८ साली पुरी होईल.