तळ्याकाठचं घर आणि रिकामी जमीन

रात्रीचे दीड वाजले होते. प्रॉडक्शनवर काहीतरी कोसळलेलं, अमेरिकेतली टीम टक्क जागी आणि मी अर्धवट झोपेत. बिल्ड चालू होता, म्हणून फोन हातात घेतला. यूट्यूबनं एक व्हिडिओ समोर आणला. बर्फाच्या डोंगरांखाली एक तळं, तळ्याकाठी एक पन्नाशीचा माणूस. तो कुऱ्हाडीनं एका ओंडक्याला खाच पाडत होता. खाच झाली, ओंडका त्यानं पालथा केला आणि खालच्या ओंडक्यावर ठेवला. बसला! मध्ये फट म्हणून नाही.

बिल्ड फेल झालाय हे मला वीस मिनिटांनी कळलं.

त्या माणसाचं नाव रिचर्ड प्रेनेकी. सगळे त्याला डिक म्हणत. अलास्कातल्या ट्विन लेक्स नावाच्या जोडतळ्याच्या काठी १९६८ साली त्यानं एकट्यानं लाकडी घर बांधलं आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं तिथं काढली. ती फिल्म त्यानं स्वतःच काढलेली. तिच्यावरून बनवलेली ‘अलोन इन द विल्डरनेस’ ही डॉक्युमेंटरी माझ्या पिढीतल्या कितीतरी इंजिनिअरांनी रात्री-अपरात्री पाहिली आहे. पाहिल्यावर सगळ्यांच्या मनात एकच येतं : सोडावं का हे सगळं?

माझ्याही मनात आलं. माझं जरा जास्तच पुढे गेलं. त्याबद्दल शेवटी सांगतो. आधी डिकची गोष्ट नीट समजून घेऊ, कारण ती व्हिडिओत दिसते तेवढीच नाही.

आधीची तीस वर्षं

डिकचा जन्म १९१६चा, आयोवा राज्यातल्या प्रिमरोज नावाच्या खेड्यातला. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली तेव्हा तो नौदलात सुतार म्हणून भरती झाला. तिथं त्याला संधिवाताचा ताप आला, कित्येक महिने दवाखान्यात गेले आणि १९४५ साली प्रकृतीच्या कारणावरून नौदलानं त्याला मोकळं केलं. १९५०च्या सुमारास तो अलास्कात पोचला. कोडियाकच्या नौदल तळावर अवजड यंत्रं चालवली, डिझेल इंजिनं दुरुस्त केली, सामन मासे पकडले. कामावर एक अपघात झाला, डोळे जाता जाता वाचले. ट्विन लेक्स त्यानं पहिल्यांदा पाहिलं १९६२ साली.

आता हे जरा जोडून पाहा. डिक घर बांधायला बसला तेव्हा ५२ वर्षांचा होता. तोवर सुतारकाम, यंत्रदुरुस्ती आणि अलास्काचं हवामान हे तिन्ही विषय त्याचे पक्के झाले होते. व्हिडिओत जो सहजपणा दिसतो, त्याच्यामागे आधीची तीस वर्षं आहेत. आणि घाई तर त्यानं अजिबात केली नाही. लागणारे स्प्रूसचे ओंडके त्यानं १९६७च्या उन्हाळ्यातच तोडले, साल काढून रचून ठेवले आणि निघून गेला. ओलं लाकूड आकसतं, त्यात बांधलेल्या घराला वर्षभरात फटी पडतात. ओंडके हिवाळाभर सुकले. २१ मे १९६८ला तो परत आला तेव्हा माल तयार होता.

अवजारांचंही तसंच. विमानात वजन मोजून न्यावं लागतं, म्हणून त्यानं कित्येक अवजारांची फक्त पाती नेली आणि दांडे तिथल्या लाकडातून स्वतः बनवले. म्हणजे घर बांधण्याआधी घर बांधायची हत्यारं बांधली. आपण ज्याला ‘एन्व्हायर्नमेंट सेटअप’ म्हणतो ते हेच.

खाच

मला ज्या खाचेनं वेड लावलं ती कशी पाडतात ते सांगतो.

भिंतीत ओंडके आडवे, एकावर एक रचायचे असतात. कोपऱ्यात दोन भिंतींचे ओंडके एकमेकांवर येतात. वरचा ओंडका नुसता ठेवला तर मध्ये त्याच्या जाडीएवढी पोकळी राहील. म्हणून वरच्या ओंडक्याच्या पोटाला, घोड्याच्या खोगिरासारखी, खालच्या ओंडक्यावर चपखल बसेल अशी खाच घ्यायची. वरचा ओंडका जागेवर ठेवायचा, कंपाससारख्या दोन टोकांच्या हत्यारानं खालच्या ओंडक्याचा उंचसखलपणा वरच्यावर रेखून घ्यायचा, मग ओंडका फिरवून रेघेपर्यंत कोरायचं. खाच नेहमी वरच्याच्या पोटाला. खालच्याच्या पाठीला घेतली तर तिच्यात पावसाचं पाणी साठतं आणि कोपरा कुजतो. शिवाय झाड एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. म्हणून जाड टोक एकदा इकडे, एकदा तिकडे, नाहीतर भिंत एका बाजूला चढत जाते.

आतून ११ फूट बाय १५ फूट. पुण्यात काही वन-बीएचकेंचा हॉलही याहून मोठा असतो. वर आढं, त्यावर बारीक खांबांचं छत, त्यावर डांबरी कागद, प्लास्टिक आणि सगळ्यात वर शेवाळाचा जाड थर. भिंतींच्या सांध्यांतही शेवाळ ठासलेलं. जमीन वाळू-खडीची. दार आडवं दोन भागांत कापलेलं, बिजागऱ्या लाकडाच्या, कुलूपही लाकडाचं. तळ्याकाठचे दगड आणून शेकोटी बांधली. रिकाम्या पेट्रोलच्या डब्यांचे पत्रे कापून बादल्या, तवे, डबे केले. अस्वलांपासून धान्य-मांस वाचवायला बाहेर उंच खांबांवर कोठी उभारली.

हिवाळ्यात पारा उणे ४०च्याही खाली जायचा. (फॅरनहाइट की सेल्सिअस, असं विचारू नका. उणे ४०ला दोन्ही एकच येतात.)

एकटा म्हणजे किती एकटा?

फिल्ममध्ये एक नेहमीचं दृश्य आहे. डिक पाठीवर सामान घेऊन कॅमेऱ्यापासून दूर चालत जातो, लहान लहान होत जातो. बघताना गळा भरून येतो. पण कॅमेरा तिपाईवर आहे, बटण त्यानंच दाबलंय. म्हणजे एवढं लांब गेल्यावर त्याला मागे फिरून कॅमेरा आणायला यावंच लागलं असणार. रील बनवणाऱ्या कुणालाही हे लगेच कळेल. आपल्याला फक्त जाणं दिसतं.

तसंच बाकीचंही. घर बांधत असताना तो राहत होता एका मित्राच्या, तिथंच आधीपासून असलेल्या केबिनमध्ये. बेब ऑल्सवर्थ नावाचा वैमानिक लहान विमानातून त्याचं पीठ, साखर, बियाणं आणि टपाल आणून देई. उन्हाळ्यात विमान पाण्यावर उतरे, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर. तळं धड गोठलेलंही नाही आणि धड वितळलेलंही नाही असे आठवडे यायचे, तेव्हा मात्र कुणीच येऊ शकत नसे. डांबरी कागद, प्लास्टिक, सिमेंट हेही आकाशातूनच आलं.

यात डिकनं काहीच लपवलं नाही. तो रोज डायरी लिहायचा. अडीचशेच्या आसपास वह्या मागे राहिल्या. कोण आलं, काय आणलं, बर्फ किती इंच जाड झाला, सगळं त्यात आहे. त्या वह्यांवरून सॅम कीथ या मित्रानं पुस्तक केलं, ते १९७३ला आलं. लपवलं असेल तर ते आपण, बघणाऱ्यांनी. आपल्याला वैमानिक नको असतो, कारण मग ‘सोडावं का सगळं’ हा प्रश्न ‘मला पीठ कोण आणून देईल’ इथं येऊन थांबतो.

हा घोळ डिकच्याही आधीचा आहे. एकांतातल्या घरांचा मूळपुरुष म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो. ४ जुलै १८४५ला तो वॉल्डन तळ्याकाठच्या आपल्या १० बाय १५ फुटी घरात राहायला गेला. खर्च त्यानं अर्ध्या सेंटपर्यंत मांडला : २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. पण जमीन मित्राची, इमर्सनची. गाव दीड मैलावर. आणि फळ्या? रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी त्यानं सव्वाचार डॉलरना विकत घेतली आणि मोडून तिचं लाकूड वापरलं. थोरोनं हे स्वतःच लिहून ठेवलंय. तो मजूर सकाळी बायकापोरांसह सामान उचलून निघाला, त्याचं पुढं काय झालं, हे मात्र आपण सहसा विचारत नाही.

रिकामी जागा

ओंडक्यांचं घर हे आज अमेरिकेचं बोधचिन्ह वाटतं. पण पहिल्या इंग्रज वसाहतवाल्यांना ते येतच नव्हतं, ते चौकटी उभ्या करून फळ्या ठोकायचे. ओंडक्यांची विद्या आली १६३८नंतर, डेलावेअर नदीकाठी वसलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांबरोबर. कुऱ्हाड आणि जंगल एवढ्यावर घर उभं राहतं म्हटल्यावर ती पश्चिमेकडे पसरत गेली. १८४०च्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसननं स्वतःला लाकडी केबिनवाला साधा माणूस म्हणवून घेतलं आणि तो राष्ट्राध्यक्ष झाला. प्रत्यक्षात तो व्हर्जिनियातल्या वाड्यात जन्मला होता. १८६२च्या होमस्टेड कायद्यानं तर सांगितलंच : पाच वर्षं राहा, कसून दाखवा, १६० एकर तुमचे. अलास्कात हा कायदा १९८६पर्यंत चालला.

पण ती जमीन सरकारकडे आली कुठून? तिथं आधीपासून राहणाऱ्यांकडून.

ट्विन लेक्सचा मुलूख डेनाइना लोकांचा. जवळच्या मोठ्या तळ्याला आज नकाशावर लेक क्लार्क म्हणतात, एका व्यापारी ठाण्याच्या क्लार्क नावाच्या व्यवस्थापकावरून. डेनाइना भाषेत त्याचं नाव किझ्येह वेना. अर्थ साधारण असा : जिथं माणसं जमतात ते तळं. त्याच्या काठी किजिक नावाचं गाव होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोवर आणि फ्लूच्या साथी आल्या, माणसं गेली, उरलेली दुसरीकडे राहायला गेली. गावाच्या जागी झाडं वाढली. मग साठेक वर्षांनी आपल्यासारखा कुणी आला आणि म्हणाला, वा, काय निर्जन जागा आहे!

डिकनं कुणाला हाकललं नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. उलट शिकारी लोक मांस कुजत टाकून, डबे फेकून जात, ते तो निस्तरत बसे. १९७८ला तो परिसर राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला आणि १९८०ला लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यान झालं. डिक उद्यानाच्या लोकांना मदत करत तिथंच राहिला, ८२व्या वर्षापर्यंत. मग कॅलिफोर्नियात भावाकडे गेला आणि २००३ला वारला. त्याचं घर आता राष्ट्रीय वारसा यादीत आहे, लोक विमानानं बघायला जातात. किजिकच्या जागेलाही १९९४ला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तिचा व्हिडिओ मला यूट्यूबनं कधी दाखवला नाही.

टोकन

आता माझं. मागच्या वर्षी ऑफिसात माणसं कमी केली. माझी खुर्ची वाचली, शेजारची रिकामी झाली. त्या आठवड्यात मी एक एक्सेल शीट केली, नाव ठेवलं ‘डिक’. बचत, प्लॉट, लाकडी केबिन, सोलर. मग दोन मित्रांबरोबर मुळशीच्या पुढे एक जागा बघायला गेलो. दहा गुंठे, समोर धरणाचं पाणी. एजंट म्हणाला, “इथं कुणी येत नाही सर, एकदम शांत.”

जागेच्या मधून एक पायवाट जात होती. चांगली मळलेली. आम्ही उभे होतो तेवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या एक आजी वर चढून आल्या. थांबल्या, मोळी न उतरवताच विचारलं, “कुठलं रं बाबांनो?”

“पुण्याचे, आजी.”

“जागा घेताय व्हय?” एवढं बोलून त्या खाली उतरून गेल्या. मी एजंटला विचारलं, ही वाट कुणाची? तो म्हणाला, “कंपाउंड घातलं की बंद होईल सर. टेन्शन घेऊ नका.”

टोकनचे एकवीस हजार खिशातच राहिले. मित्र वैतागले, एकानं नंतर शेजारचा प्लॉट घेतलाही. मी काही मोठा त्याग केला असं नाही. उद्या घेईनही कदाचित कुठंतरी जमीन. पण घेईन तेव्हा सातबाऱ्याबरोबर ती वाटही बघेन, आणि ती उघडी ठेवूनच घर कुठं बसतं ते ठरवेन.

सध्या मी पटाशी, रंधा आणि एक छोटी करवत आणली आहे. बाल्कनीत रविवारी एक स्टूल करतोय. तीन वेळा सांधा सोडवला, अजून एक पाय डुगडुगतो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, “दुकानात चारशेला मिळतं की रे.” तिला म्हटलं, मिळतं गं. डिकचं सुतारकाम घर बांधायच्या आधी पंचवीस वर्षं चाललेलं होतं. माझे आत्ता चार महिने झालेत.