मत माझं, पण ठरवलं कुणी?

आज मी तुम्हाला घेऊन जातोय १९४० च्या अमेरिकेत. अध्यक्षपदासाठी रूझवेल्ट विरुद्ध विल्की अशी लढत होती. पॉल लाझार्सफेल्ड या संशोधकाच्या टीमने ओहायो राज्यातली ईरी काउंटी निवडली आणि मे ते नोव्हेंबर, दर महिन्याला त्याच ६०० लोकांना गाठलं. प्रश्न साधा: मत कुणाला, आणि का?

अंदाज होता की रेडिओ-पेपरमधला प्रचार मतं फिरवत असेल. निघालं भलतंच! धर्म, पैसा, गाव की शहर यावरूनच कल बराचसा कळायचा. एका घरातली मतं सहसा एकाच बाजूला. प्रचाराने मत बदलायचं कमी, आधीचंच पक्कं व्हायचं जास्त. आणि घरचे एकीकडे, मित्र दुसरीकडे असं ज्यांचं होतं, ते निर्णय पुढे ढकलत राहिले. काहींचा तर रसच गेला.

मला खटकतं ते पुढचं. राजकारणात सगळ्यात जास्त रस घेणारे लोकच सगळ्यात कमी हलले. म्हणजे नुसती माहिती वाढली म्हणून मन मोकळं होत नाही. माणूस माणसाचं ऐकतो. मग सांगा, वेगळं मत देणारं तुमच्या ओळखीत कोण आहे? त्याच्याशी शेवटचं कधी बोललात?