सावकार दिसला, सरकार दिसले नाही

१/ १९२५ साली बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट आला. कथा नारायण हरी आपटे यांची. कर्जापायी जमीन गमावून शहर गाठणाऱ्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. पौराणिक चित्रपटांच्या त्या काळात हे धाडसच होते.

२/ मात्र या दुःखाला कारणे दोन होती. १८७५ मध्ये पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यामागे कापसाचे कोसळलेले भाव होते, तसाच सरकारने वाढवलेला शेतसाराही होता. सारा रोखीने भरायचा, म्हणून कर्ज काढायचे. ते थकले की इंग्रजी न्यायालयाचा हुकूमनामा सावकाराच्या हाती पडे.

३/ पडद्यावर खलनायक ठरला तो सावकार. सरकारला त्या जागी उभे करणे जवळपास अशक्य होते. १९१८ च्या कायद्यानुसार चित्रपटांचे परीक्षण सुरू झाले आणि मुंबईच्या परीक्षण मंडळाचे अध्यक्ष खुद्द पोलीस आयुक्त असत. १९३० मध्ये ‘प्रभात’च्या शिवकालीन चित्रपटाला ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव नाकारले गेले. तो ‘उदयकाल’ म्हणून प्रदर्शित झाला. ‘स्वराज्य’ हा शब्दही ज्यांना खुपला, ते शेतसाऱ्यावरचा आरोप कसा खपवून घेतील?

४/ तो आरोप स्वातंत्र्यानंतर उघडपणे मांडता आला. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ ची. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य आणि खजिना लुटणारा वारणाकाठचा मांग तरुण तिचा नायक आहे. सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतः हजर होतो.

५/ या कादंबरीतील हजेरी ही कल्पना नव्हे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसे गुन्हेगार ठरवली; १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. तो रद्द झाला १९५२ मध्ये. अवघ्या नऊ वर्षांनी, १९६१ मध्ये, ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

६/ १९६३ मध्ये कुमार चंद्रशेखर यांनी ‘फकिरा’ पडद्यावर आणला. १९७० मध्ये अण्णा भाऊंच्याच कादंबरीवर ‘वारणेचा वाघ’ आला. सरकारी दफ्तरात ज्यांची नोंद दरोडेखोर अशी झाली असती, ते आता नायक होते.

७/ म्हणून जुना चित्रपट पाहताना खलनायक कोण, एवढेच पाहून थांबू नये. तो चित्रपट कोणाच्या परवानगीने पडद्यावर आला, हेही तपासावे. ‘सावकारी पाश’मधील सावकार खराच होता, त्याच्यामागचे सरकार मात्र पडद्याबाहेरच राहिले.