रेवदंड्याच्या खाडीपलीकडे

बीदरच्या माणसाला समुद्राची आठवण सहसा होत नाही. आपल्या बोलण्यात मांजरा येते, कारंजा येते, गाणगापूरच्या निमित्ताने भीमा येते. समुद्र मात्र कोकणातील कोणी पाहुणा आला तरच. तरीही पंधराव्या शतकात बीदरच्या वैभवाची नाळ समुद्राशी जोडलेली होती. महमूद गवान १४५३ साली दक्षिणेत आला तो दाभोळ बंदरात उतरून. पुढे १४७२ साली त्याने उभारलेल्या मदरशाच्या भिंतीवर जी रंगीत कौले आजही काही ठिकाणी टिकून आहेत, त्यांची कलाही समुद्रापलीकडचीच. बहमनी फौजेला लागणारे घोडे अरबस्तान आणि इराणकडून गलबतांत भरून येत. दाभोळ आणि चौल ही आपल्या राजधानीची दोन दारे होती. ती एकदा डोळ्यांनी पाहावीत ही इच्छा फार दिवसांची. दोहोंपैकी चौलला जाणे घडले, आणि ज्यासाठी गेलो ते बाजूला राहून भलतेच काही मनात घर करून बसले.

चौलची ओढ लागण्याचे कारण एक रशियन व्यापारी. त्वेर शहराचा अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास होर्मुझ, दीव, खंबायतमार्गे चौलला उतरला. विकून नफा करावा म्हणून त्याने बरोबर एक घोडा आणला होता. पालीवरून घाट चढून तो जुन्नरला पोहोचला तोवर पाऊस लागला. चार महिने सर्वत्र पाणी आणि चिखल, अशी नोंद त्याने केली आहे. इकडे घोड्यांना हरभरे आणि साखर-तेल घातलेली खिचडी चारतात, याचेही त्याला नवल वाटले. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि मुसलमान झालास तर घोडा परत देईन, असे बजावले. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली म्हणून घोडाही सुटला आणि धर्मही. तो घोडा अखेर बीदरला विकला गेला. सुलतानाच्या स्वारीचा थाट निकितिनने बारकाईने लिहिला आहे, पण त्याबरोबर उमराव चैनीत आणि रयत अत्यंत दीन, हेही लिहायला तो विसरला नाही. शेख अलाउद्दीन यांच्या स्मृतिस्थळी भरणाऱ्या एका मोठ्या जत्रेचे वर्णन त्याने केले असून तेथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येतात असे तो म्हणतो. हे ठिकाण म्हणजे आपले आळंद, असे अभ्यासक मानतात. आळंदच्या वाचकांनी या वाक्यावर घटकाभर थांबायला हरकत नाही.

या सगळ्यात मला अधिक लागले ते त्याचे एक दुःख. वाटेत व्होल्गा नदीच्या मुखाजवळ त्याला लुटले, त्यात त्याच्या धर्माच्या पोथ्या गेल्या. पोथ्या गेल्या म्हणून सणांच्या तिथी गेल्या. ईस्टर कधी येतो, उपवास कधी धरायचे, हे परमुलखात सांगणारे कोणी नव्हते. तो अंदाजाने उपवास करीत राहिला आणि चुकल्याची खंत लिहीत राहिला. दूर देशी एकट्या पडलेल्या माणसाच्या हातून आधी काय निसटते, याची ही साधी नोंद आहे.

चौल आज शांत आहे. माडांच्या आणि सुपारीच्या वाड्या, आखूड गल्ल्या, जुनी देवळे. बंदर गाळाने केव्हाच निरुपयोगी झाले. शेजारच्या रेवदंड्यात पोर्तुगिजांची तटबंदी अजून गावाला वेढून आहे. आत माडांची दाटी, आणि त्यातून ‘सातखणी’ नावाचा मोडका मनोरा वर डोकावतो. एका शाळेच्या आवारात निकितिनच्या आठवणीचा स्तंभ आहे. स्तंभापाशी उभे राहून मी बीदरचा आहे असे तेथील एका गृहस्थांना सांगितले, तेव्हा हा रशियन बीदरला का गेला असावा, असे त्यांनी मलाच विचारले. एके काळी कोकणपट्टीवरची वाट बीदरलाच जाऊन संपत असे, हे आता तेथे कोणाच्या ध्यानी नाही. आपल्याकडे तरी किती जणांच्या आहे?

रेवदंड्यापुढे कुंडलिकेची खाडी लागते. खाडीवरचा पूल ओलांडला की डोंगराच्या कुशीत कोर्लई. पोर्तुगीज त्या डोंगराला ‘मोरो’ म्हणत. इतिहास थोडक्यात असा: बहमनी राज्य फुटल्यावर हा मुलूख अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेला, तिच्या परवानगीने पोर्तुगिजांनी १५२१ साली रेवदंड्याला किल्ला बांधला, पुढे वितुष्ट आले, निजामशाहीने समोरच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि १५९४ साली पोर्तुगिजांनी तो डोंगर जिंकला. त्या वेळी पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या डोक्यावर होता, म्हणजे या चिंचोळ्या टेकडीचा धनी माद्रिदकडे बसलेला होता. १७३९ साली वसई पडली आणि १७४० साली तहान्वये चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. गोरे सरदार, मोठे पाद्री, ज्यांना जाणे शक्य होते ते सर्व गोव्याकडे निघून गेले. उरले ते हलक्या पगाराचे शिपाई, त्यांची चाकरमाने आणि धर्मांतरित झालेली गरीब कुटुंबे. ती कोर्लईच्या डोंगराखाली राहिली.

त्यांच्याबरोबर त्यांची भाषाही राहिली. कोर्लईचे ख्रिस्ती आपसात जी बोली बोलतात तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची बांधणी मराठीकडे झुकलेली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मधोमध येते. येथे मराठीप्रमाणे ते शेवटी जाऊन बसले. क्लेमंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या बोलीचा दीर्घ अभ्यास करून १९९६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणारे सारे मिळून हजाराच्या आसपास. (आपणही पगार, चावी, बटाटा, तुरुंग, लिलाव हे शब्द पोर्तुगिजांचेच वापरतो, पण ती उसनवारी झाली, तिला कोणी भाषा म्हणत नाही.)

ही बोली अडीचशे वर्षांहून अधिक काळ टिकली कशी? धर्मामुळे, असे उत्तर चटकन सुचते, पण ते अपुरे आहे. वसईचे ख्रिस्तीही पोर्तुगिजांच्याच अमलाखाली होते, त्यांची सामवेदी आणि वाडवळी मात्र मराठीच्या बोली आहेत. कोर्लईत तीन गोष्टी एकत्र आल्या. भोवतालच्या कोळी, आगरी, मुसलमान शेजाऱ्यांपासून धर्माने वेगळेपण. इतर ख्रिस्ती वस्त्यांपासून भाषेने आणि अंतराने वेगळेपण. आणि लग्ने आपसात. त्यावर माउंट कार्मेलच्या चर्चमध्ये पोर्तुगीज जाणणारे पाद्री येत राहिले, त्यामुळे घरातल्या बोलीला देवघराचा आधार मिळाला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सर्व सुटत गेले. चर्चमधील उपासना मराठीतून होऊ लागली. शाळा मराठी. ऐंशीच्या दशकात खाडीवर पूल झाला आणि रेवदंडा, अलिबाग, मुंबई जवळ आली. मुलांचे शाळेत अडू नये म्हणून आईबाप घरातही मराठी बोलू लागले.

येथे मी अडखळलो. आपल्या मंडळींत मराठीविषयी बोलणे निघाले की आपण नेहमी गाऱ्हाणे मांडणाऱ्याच्या बाजूला असतो. १९५६ साली बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. तेव्हापासून आपली भाषा लहान, भोवतालची मोठी, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. कोर्लईत ती मोठी भाषा मराठी आहे. कोणी सक्ती केलेली नाही, दुष्टावा नाही. शाळा, दुकान, नोकरी, एवढ्यानेच ते घडते आहे. माझीच भाषा दुसऱ्याच्या ओसरीवर पाय पसरून बसलेली मी प्रथमच पाहिली.

चर्चबाहेर सावलीत एक वृद्ध बाई सुकट निवडीत बसल्या होत्या. कुठनं आलात, असे त्यांनी विचारले. कर्नाटकातून, म्हटल्यावर नवल करीत म्हणाल्या, “मग मराठी कसं येतं तुम्हाला?” आमची घरे कित्येक पिढ्यांची तिकडली, घरात मराठीच, असे मी सांगितले. “आणि नातवंडं?” एक नात हैदराबादला, नातू बंगळूरला; दोघांना समजते, उत्तर इंग्रजीत देतात. बाई हसल्या. “आमची मराठीत देतात,” म्हणाल्या.

कोर्लईशी आपली तुलना ताणू नये, हे मला कळते. मराठीला सातशे वर्षांहून अधिक काळाचे लिखित वाङ्मय आहे. ‘नो लिंग’ जवळजवळ पूर्णपणे तोंडी. शिवाय आपल्या घरांतली मराठी कधी एकटी नव्हतीच. अण्णा आणि अक्का कानडीचे. महसुलाचे निम्मे शब्द फारशीचे. गुरुचरित्र आपण घरोघरी वाचतो, त्याचे कर्ते सरस्वती गंगाधर कानडी मातृभाषेचे. ग्रंथात कानडी पदे आहेत आणि बीदरच्या यवन राजाची कथाही आहे. कानडी शेजार असूनच हा ग्रंथ मराठीत झाला. त्यामुळे शेजारच्या भाषेने आपली भाषा बुडते, हे मला पटत नाही. कोर्लईच्या बोलीलाही मराठीने तीन शतके वाकवले, मोडले नाही. अडले ते घरात मुलाशी बोलण्याची भाषा बदलली तेव्हा. हे मी परतल्यावर दोघांनाही फोनवर सांगितले. नातवाने ऐकून घेतले. नातीने कोर्लई नकाशावर शोधून काढली.

दाभोळ या खेपेस राहिले. निकितिन परत निघाला तो दाभोळहूनच, बहुधा १४७२ साली. त्वेरला तो पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे वाटेतच वारला, आणि त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोहोचवल्या. त्या टिपणांच्या अखेरीस एक प्रार्थना आहे. देव त्याचा स्वतःचा, पण प्रार्थनेतील शब्द अरबी, फारसी आणि तुर्की यांची सरमिसळ होऊन आलेले.