शंकूची छाया आणि होकायंत्राची सुई

आज जोयडा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या सुपे तालुक्यात काळी नदी उगम पावते आणि घाट उतरून सदाशिवगडाजवळ समुद्रास मिळते. जमिनीवर प्रवाशास नदीचा काठ धरून चालता येते. समुद्रात मात्र दिशेवाचून दुसरा आधार नाही.

दिशा साधण्याची एक प्राचीन रीत आपल्या परंपरेत आहे. सपाट भूमीवर वर्तुळ आखून मध्यभागी शंकू रोवावयाचा. सकाळी त्याच्या छायेचे टोक वर्तुळात शिरते ती जागा आणि दुपारनंतर ते बाहेर पडते ती जागा, या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम होय. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात ही रीत सांगितली आहे. देवालयाची आखणीही पूर्वी अशाच छायेवरून होई.

होकायंत्राची सुई दाखविते ती उत्तर मात्र या खऱ्या उत्तरेशी सर्वत्र जुळत नाही. दोहोंतील अंतरास दिक्पात म्हणतात. तो स्थळागणिक आणि काळागणिक पालटतो. दिशेत एका अंशाची चूक राहिली, तर शंभर कोसांच्या सफरीत गलबत सुमारे पावणेदोन कोस बाजूला जाते. खडकाळ किनाऱ्यावर तेवढे अंतर प्राणघातक ठरू शकते.

१५३८ साली लिस्बनहून गोव्यास निघालेल्या जुआंव द कास्त्रो याने वाटेत हा दिक्पात ठिकठिकाणी मोजला. पुढे तो गोव्याचा गव्हर्नर झाला. गणिती पेद्रो नुनेश याने योजिलेले त्याचे साधन म्हणजे वस्तुतः एक शंकूच होता: मध्याह्नापूर्वीची आणि नंतरची छाया पाहावयाची व तिच्याशी सुई ताडून घ्यावयाची. जवळच्या तोफेच्या लोखंडाने सुई ढळते, हे त्याने ओळखले. वसईच्या बाजूस तिची दिशा बदललेली पाहून त्याने त्याचे कारण तेथील खडकांत शोधले. पृथ्वी हीच एक महाचुंबक आहे, असे इंग्लंडात विल्यम गिल्बर्टने प्रतिपादिले ते पुढे १६०० साली.

आपल्या किनाऱ्यावर हे काम नंतर मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने नेटाने चालविले. तेथे १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होऊ लागली. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी याच वेधशाळेत काम केले. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने सुई विचलित होणार, म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागेस नेले. तेथील इमारतीसाठी चुंबकत्वरहित असा पोरबंदरी दगड वापरला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे त्यांनी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे दोन्ही स्थळांमधील फरक कळला आणि जुनी नोंद नव्या नोंदीशी जोडता आली. जागा बदलली, तरी मालिका तुटली नाही.

सुईत दोष आहे म्हणून खलाशांनी ती टाकून दिली नाही, आणि ती अचूक आहे असेही मानले नाही. तिचा दोष सूर्याच्या साक्षीने मोजून त्यांनी तो हिशेबात धरला. दर्यावरील वाट सुरक्षित झाली ती या सावधपणामुळे.