टेपमधली दाद



आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. विषय अमेरिकेतला आहे, पण येऊन थांबतो आपल्या घरातल्या कपाटापाशीच. तेव्हा थोडा धीर धरून वाचा.

२००९ साली मी बँकेतून निवृत्त झालो आणि त्याच वर्षी आम्ही दोघं धाकट्याकडे शिकागोला गेलो. एकदा गाडीत त्यानं एक रेकॉर्डिंग लावलं. एक माणूस गिटार वाजवत गातोय आणि समोर बायका-पुरुष नुसते ओरडताहेत. मी म्हटलं, "अरे, या आरडाओरड्यात गाणं कुठं ऐकू येतंय? लोकांचा आवाज कमी करता येत नाही का?" तो हसला. "बाबा, लोक काढले तर यात उरेल काय?"

तेव्हा मला त्याचं बोलणं उर्मट वाटलं होतं. आज तसं वाटत नाही.

गाणारा होता बी. बी. किंग. जन्म १९२५ चा, मिसिसिपी राज्यातला. लहानपणी कापसाच्या शेतात राबलेला. पुढं मेम्फिसच्या रेडिओवर काम करताना 'ब्लूज बॉय' हे नाव पडलं, त्याचं झालं बी. बी. ब्लूज म्हणजे तिथल्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं, पण रडगाणं नव्हे. दुःख सांगता सांगता ते मधेच स्वतःवर हसतात. आपल्या लावणीत कशी तक्रारही असते आणि खट्याळपणाही, तसंच काहीसं.

किंगच्या गिटारचं नाव 'ल्युसिल'. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या ट्विस्ट नावाच्या गावी तो वाजवत होता. उबेसाठी मधोमध रॉकेल पेटवलेलं. दोघांची मारामारी झाली, ते सांडलं, आग लागली. सगळे बाहेर पळाले आणि हा गिटारसाठी परत आत शिरला. मागून कळलं, मारामारी ल्युसिल नावाच्या बाईवरून होती. पुन्हा असा वेडेपणा करायचा नाही, याची आठवण म्हणून गिटारला तेच नाव दिलं.

वाजवायची त्याची रीत आपल्या कानाला लगेच कळते. तार बोटानं ओढून सूर वर न्यायचा, म्हणजे आपली मींडच. आणि गाताना तो सहसा वाजवत नसे. एक ओळ गायची, थांबायचं, मग गिटारनं उत्तर द्यायचं. ठुमरी गाणाऱ्या बाईला सारंगीवाला उत्तर देतो, तसं. फरक इतकाच की इथं दोघंही एकच.

धाकट्यानं लावलेली ती तबकडी 'लाइव्ह ॲट द रीगल'. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल थिएटरात ध्वनिमुद्रित झाली आणि १९६५ साली बाजारात आली. रीगल हे काळ्या वस्तीतलं मोठं थिएटर, १९२८ साली उघडलेलं. तिथले श्रोते किंगला वर्षानुवर्षं ऐकत आलेले. हा माणूस तर १९५६ या एका वर्षात ३४२ कार्यक्रम केलेला! समोरच्याला केव्हा काय हवं, हे त्याला पाठ होतं.

त्यातलं एक गाणं मी आता कितीदा ऐकलं असेल. एक नवरा बायकोपुढं हिशेब मांडतो, मी तुला हे दिलं, ते दिलं, आणि तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसली. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत जमेची बाजू वाचून दाखवतो. एकेका नोंदीला लोक हुंकार देतात आणि शेवटच्या नोंदीला सगळं थिएटर फुटतं. त्या ओरडण्यात 'आमच्या घरातलंच सांगतोयस' असा भाव आहे. गाणं जितकं त्याचं, तितकंच त्यांचं. एरिक क्लॅप्टन हा पुढं फार गाजलेला गोरा गिटारवादक स्वतःच्या कार्यक्रमाआधी ही तबकडी ऐकायचा, असं सांगतात.

पण दिवस पालटले. नव्या पिढीतल्या काळ्या पोरांना ब्लूज जुनाट वाटू लागला. बापजाद्यांच्या गुलामीची आठवण नको, असं त्यांना वाटे. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात किंग गेला तर समोर लांब केसांची गोरी पोरं. त्याला वाटलं, आपण चुकीच्या पत्त्यावर आलो. नाव पुकारताच ती सगळी उठून उभी राहिली. एक सूरही वाजवण्याआधी. किंगला रडू आवरलं नाही.

तिसरी गोष्ट तुरुंगाची. १० सप्टेंबर १९७० रोजी तो शिकागोच्याच कुक काउंटी जेलमध्ये वाजवायला गेला. समोर दोन हजारांवर कैदी, बहुतेक तरुण आणि काळे. सुरुवातीला शेरीफ आणि न्यायाधीशांची नावं घेतली जातात, तेव्हा कैदी त्यांची चक्क हुर्यो उडवतात. गंमत म्हणजे १९७१ साली तबकडी निघाली, तेव्हा ती हुर्यो कापली नाही. जशीच्या तशी ठेवली. मग किंग गायला लागतो आणि तेच लोक हळूहळू त्याचे होतात. जुनी गाणी तो सावकाश, त्यांच्याशी बोलत बोलत म्हणतो. त्या दिवसाचा त्याच्यावर इतका परिणाम झाला, की पुढं अनेक वर्षं तो तुरुंगांत जाऊन फुकट कार्यक्रम करत राहिला.

म्हणजे बघा, माणूस तोच, गिटार तीच, पण श्रोते बदलले की गाणं बदलतं. आणि श्रोत्यांचा आवाज टेपवर राहिला म्हणूनच आज आपल्याला हे कळतं. रीगल थिएटर १९७३ साली पाडलं. धाकट्यानं मला ती जागा दाखवली, तिथं आता दुसरं सांस्कृतिक केंद्र उभं आहे. पण १९६४ च्या त्या रात्रीचे लोक तबकडीत अजून बसलेले आहेत.

आता माझी गोष्ट. जुन्या मंडळींना आठवत असेल, आमच्या रामबागेतल्या वाड्यात अण्णा दर पंधरवड्याला बैठक घ्यायचे. सतरंजी, एक तंबोरा, गावातले आणि देवासकडून येणारे गवई, मध्यंतरात पोहे-चहा. शेजारचे काका त्यांच्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर सगळं टिपून घ्यायचे. अण्णा गेल्यावर अकरा स्पूल माझ्याकडे आले. २००४ साली ते मी एका दुकानात सीडीवर उतरवायला दिले आणि वर पैसे मोजून सांगितलं, मधला गोंगाट काढून टाका, गाणं तेवढं स्वच्छ ठेवा. दुकानदारानं सांगितलं ते चोख केलं. गाण्यांमधलं बोलणं, दाद, खोकला, सगळं छाटलं. स्पूल मी रद्दीवाल्याला देऊन टाकले.

शिकागोहून परत आल्यावर एका संध्याकाळी त्या सीड्या लावल्या. गाणं अगदी स्वच्छ आहे. पण समेवर येणारं अण्णांचं "क्या बात है!" नाही. "चहा आणू का?" असं दारातून हळूच विचारणारा आईचा आवाज नाही. त्या दोघांचा आवाज आता माझ्याकडे कुठंच नाही. गवयांची रेकॉर्डिंगं इतरत्र मिळतीलही, पण या दोघांची कुठून आणू?

आयुष्यभर ताळेबंद जुळवले मंडळी, आणि घरच्याच वहीत जमेची रक्कम खर्चात टाकून बसलो.

म्हणून विनंती. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, कुठंही असा, घरात जुन्या कॅसेट, स्पूल असतील तर उतरवून घ्या, पण काही कापू नका. कुणाचा आवाज कुणाचा, हे ओळखणारी माणसं हयात आहेत तोवर नावं लिहून ठेवा. आणि आमच्या वाड्यातल्या बैठकीचं एखादं टेप कुणाकडे निघालंच, तर कृपा करून मला कळवा. कितीही खरखर असली तरी चालेल.