काजू आंबवण : तापमाननियंत्रण

फेणीसाठी काजूच्या बोंडूंचा रस आंबवताना त्याची ऊब आवाक्यात ठेवण्याची रीत. गोव्यात पेडणे, डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतील डोंगरउतारांवरच्या दारू गाळण्याच्या भाट्यांवर ती आजही पाळली जाते.

बोंडूंचा हंगाम साधारण मार्च ते मे, म्हणजे ऐन उन्हाळा. पायांनी तुडवून काढलेल्या रसात बाहेरून यीस्ट घालत नाहीत. फळाच्या सालीवरचे यीस्टच काम करते. साखरेचे मद्यार्क होताना रस स्वतःही तापतो, त्यात बाहेर पारा ३३ अंशांवर गेलेला. बिअर करणाऱ्याला ही स्थिती धडकी भरवेल: एल १८ ते २२ अंशांत आंबवतात, लागर ८ ते १३ अंशांत. त्याहून गरम झाले, तर यीस्ट उग्र वासाची उच्च मद्यार्के सोडते. म्हणूनच १८७० च्या दशकात कार्ल फोन लिंडे यांच्या शीतयंत्राला जर्मन बिअरवाल्यांनी उचलून धरले.

गोव्यातला उपाय मातीचा. रसाचे मडके जमिनीत अर्धेअधिक पुरतात. भोवतालची माती दुपारची झळ शोषते आणि रात्रीचा गारवाही एकदम आत येऊ देत नाही. साधारण तीन दिवसांत फेस बसतो. तेव्हाच रस भाटीवर चढवावा लागतो, कारण उशीर झाल्यास ॲसिटिक जिवाणू त्याचा शिर्का करू लागतात. पहिल्या ऊर्ध्वपातनातून हुर्राक मिळते, पुढच्यातून फेणी.

फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले.